कडक दाढी, हळवी कातडी

नाकाडोंगरी, ता. तुमसर

चि. निखिल,


तू अप्रेंटिस म्हणून इकडे खाणीवर येतोस हे ऐकून बरं वाटलं. तुझ्या आईचं म्हणणं असं की, दाढी केली की तुझी मान लालबुंद होते, पुटकुळ्या येतात, म्हणून तू आता दाढीच ठेवायची ठरवलं आहेस. एरवी मी त्यात पडलो नसतो. दाढी ठेवावी की काढावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तुला काम करायचं आहे ते मँगनीजच्या धुळीत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, उन्हाळ्यात पाणी मारलं तरी धूळ उडतेच, आणि ही धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली तर मज्जासंस्थेवर परिणाम करते, हात कापायला लागतात, चाल बदलते. त्यासाठी मास्क असतो. मास्कची कड थेट कातडीला चिकटून बसली तरच तो कामाचा. मध्ये दाढीचे खुंट आले की फट राहते आणि धूळ त्या फटीतून आत जाते. दोन दिवसांची वाढही त्याला पुरते. तेव्हा कामाच्या दिवशी सकाळी गाल आणि हनुवटी साफ हवी. मानेवर, मास्कच्या कडेच्या खाली, थोडं राहिलं तरी चालेल.

आता रेझरचं. आपल्या घराण्याची दाढी म्हणजे तारेसारखी, आणि कातडी मात्र लगेच चिडणारी. अशा माणसाला दुकानदार हटकून तीन नाहीतर पाच ब्लेडचं कार्ट्रिज विकतो. जिलेट कंपनीनं 1971 साली दोन ब्लेडचा रेझर काढला तेव्हापासून ब्लेडं वाढतच चालली. त्यात पुढचं ब्लेड केस ओढून थोडा वर काढतं आणि मागचं तो कापतं. कापलेला केस मग कातडीच्या पातळीखाली जाऊन बसतो. सरळ, मऊ केसाला ते चालतं. जाड आणि वळणदार केस परत वाढताना कातडीतच घुसतो, आणि तुझ्या मानेवरच्या त्या पुटकुळ्या बहुतेक त्याच आहेत. शिवाय एकाच जागेवरून एका फेऱ्यात पाच धारा फिरतात, तेही वेगळंच.

तुला हवा तो जुन्या पद्धतीचा, एका दुधारी ब्लेडचा रेझर. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाला त्याचं पेटंट 1904 साली मिळालं आणि तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. पण तोही कोणता घ्यायचा, इथे बहुतेक जण फसतात. कडक दाढी आहे म्हणून कडक रेझर, असा त्यांचा हिशेब. तो उलटा आहे. ब्लेड जितकं धारदार मिळेल तितकं घे, रेझर मात्र सौम्य घे. बोथट विळ्यानं धान कापायला गेलं की मूठ ओढावी लागते आणि रोप मुळासकट हलतं. दाढीतही ओढाताण धारेच्या कमतरतेमुळेच होते. रेझरच्या डोक्याचं काम एवढंच की ब्लेडची धार कातडीवर किती उघडी पडावी ते ठरवणं.

दुकानात रेझर हातात घेतलास की ब्लेड लावून तो कडेनं, उजेडासमोर धरून बघ. ब्लेडची धार आणि खालची संरक्षक पट्टी यांच्यात एक बारीक फट दिसते. फट रुंद आणि धार बाहेर डोकावणारी असेल तर तो रेझर तुझ्यासाठी नाही. दोन्ही बाजूंची फट सारखी आहे की नाही तेही बघ. स्वस्तातल्या रेझरमध्ये ब्लेड एका बाजूला तिरकं बसतं आणि मग एक गाल बरा, दुसरा सोललेला. पट्टीच्या जागी कंगव्यासारखे दाते असलेले रेझर आठवड्याची वाढ काढायला चांगले, रोजच्या कामाला नकोत. मापं बदलता येणारे रेझरही सुरुवातीला घेऊ नकोस, तू चाकं फिरवत बसशील.

तीन तुकड्यांत सुटणारा घे. फुलपाखरासारखी पाखं उघडणारा दिसायला छान असतो, पण त्याच्या सांध्यांत साबण आणि पाण्याचा पांढरा थर साचतो, आणि इकडचं बोअरचं पाणी जड असतं. बहुतेक रेझरचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं, वर क्रोमचा मुलामा. न्हाणीच्या फरशीवर पडला की त्याचा आटा तुटतो. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा परवडला तर तो नातवापर्यंत जाईल. जर्मनीच्या झोलिंगेनचा मर्कुर नावाजलेला आहे, पण आपल्या देशात बनणारे पर्ल आणि पार्करही चांगले आहेत. बाहेरच्या नावासाठी पैसे घालवू नकोस. मूठ खाचांची आणि जरा वजनदार असू दे, म्हणजे वजनच काम करतं, तुला दाबावं लागत नाही.

ब्लेडचं मात्र मी काही नाव सांगत नाही. एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला पडत नाही. जपानचं फेदर फार धारदार, महागही. देशी ब्लेड काही रुपयांत मिळतं. दोन-तीन प्रकारची पाकिटं आण आणि आपली कातडी काय म्हणते ते बघ. एक ब्लेड तीन-चार दाढ्यांपेक्षा जास्त चालवू नकोस. तू खाणकाम शिकलास म्हणून सांगतो: पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नासपट कठीण, तरी केस धारेला कसा हरवतो हे अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी 2020 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. कातडी ओरखडते ती ही टवके उडालेली धार. तुझ्या खाणीतलं मँगनीज पोलादातच जातं, तेव्हा हे तुला ठाऊक असलेलं बरं.

जिलेट कंपनीचीच आणखी एक गोष्ट. आपल्यासाठी म्हणून त्यांनी एक रेझर काढला, तो अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर तपासून. तिथे नळ वाहता, इथे मगभर पाणी. इथे तो रेझर केसांनी तुंबू लागला. मग लोकांच्या घरी जाऊन, ते कशी दाढी करतात ते बघून 2010 मध्ये एका ब्लेडचा, पंधरा रुपयांचा गार्ड काढला. तुला नवा रेझर मिळेपर्यंत तोच वापर, पाच ब्लेडवाल्यापेक्षा बरा.

करायची पद्धत थोडक्यात सांगतो. आंघोळीनंतर कर. ओला केस मऊ पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. फेस लावून तेवढं थांब. केस कोणत्या दिशेनं वाढतो ते कोरड्या गालावरून बोटं फिरवून आधी समजून घे. मानेवर तो पुष्कळदा आडवा किंवा खालून वर असतो, आणि तिथेच सगळे खालपर्यंत एक सरळ हात मारतात. रेझर कातडीशी साधारण तीस अंशांवर ठेव, आखूड हात, दाब अजिबात नको. न्हावी विचारतो ना, "उलटा हात मारू का?" तुझ्यासाठी उत्तर नेहमी नाही. मास्कला एक सुलटा हात पुरतो. काचेसारखा गाल लग्नाच्या दिवशी ठेव.

नंतर गार पाणी. तुरटी फिरवायची तर फिरव, लगेच धुऊन टाक, कोरडी राहिली तर ओढते. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको. साधं, बिनवासाचं मलम लाव. आणि सलूनमध्ये गेलास तर त्यानं नवं ब्लेड कागदातच मोडून वस्तऱ्यात बसवलं की नाही, हे डोळ्यांनी बघ. जुन्या ब्लेडमुळे कावीळ आणि एचआयव्हीचीही भीती असते. वापरलेली ब्लेडं डब्यात साठव, कचऱ्यात टाकू नकोस, गोठ्यातली गुरं आणि झाडणाऱ्या बाईचे हात दोन्ही आपलेच आहेत.

इतकं करूनही पुटकुळ्यांत पू धरला किंवा महिन्यात फरक पडला नाही तर तुमसरला नाहीतर भंडाऱ्याला कातडीच्या डॉक्टरकडे जाऊ, दुकानातल्या कुठल्याही मलमाच्या ट्यूबला हात लावू नकोस. त्यातल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं.

रेझर नागपुरातूनच घेऊन ये. इकडे ब्लेडं मिळतात, असा रेझर मिळत नाही.

तुझा,
मामा