पत्रा कापताना उडालेली धूळ

प्रश्न : पावसाळ्याआधी पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे बदलले. कारागिराने ते ग्राइंडरने कापले तेव्हा तासभर धूळ उडत होती. मी आणि ६ वर्षांची मुलगी तिथेच होतो. कर्करोगाची भीती वाटते. एक्स-रे काढू का?

उत्तर : एक्स-रे नको. एका दिवसाच्या धुळीचा त्यात काहीही माग लागत नाही. जुन्या पत्र्यांत साधारण १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याचे सूक्ष्म तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात खोलवर रुततात. पूर्ण सुरक्षित अशी मर्यादा विज्ञानाला सापडलेली नाही, हे खरे. पण किती तंतू, किती वर्षे श्वासात गेले यावर धोका ठरतो. मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर २० ते ५० वर्षांनी उमटतो. तरी एका तासाने तुम्हा दोघींचा धोका अगदी किंचितच वाढतो. मला खरी काळजी वाटते ती त्या कारागिराची. तो हेच काम रोज, तोंडाला रुमाल बांधून करत असेल, आणि रुमाल हे तंतू अडवत नाही.

पडवीत भुकटी उरली असेल तर कोरडा झाडू मारू नका. पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने टिपा आणि फडक्यासकट जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधा. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती आजच सोडायला लावा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. आणखी पत्रे काढायचे असतील तर ते भिजवून अख्खे उतरवा, कापू देऊ नका.