सैनिक, श्वान आणि स्मृती : एक वाचनपाठ

रणांगणात एकाकी पडलेला सैनिक आणि त्याची साथ न सोडणारा कुत्रा, अशा कादंबऱ्या किशोरवयीन वाचकांना फार आवडतात. दोघे जगतील का, एवढ्याच ओढीने मुले शेवटच्या पानापर्यंत जातात. त्या प्रश्नाला आम्ही आणखी एक प्रश्न जोडू इच्छितो : युद्ध संपल्यावर स्मरणात कोण जगतो?

२७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे इंग्रज फौजेचा पराभव झाला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या. सहासष्टाव्या बर्कशायर पलटणीचा बॉबी नावाचा लहानसा कुत्रा जखमी अवस्थेत वाचला व कंदाहारला पोहोचला. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला पदक दिले. पुढच्या वर्षी तो घोडागाडीखाली सापडून मेला. त्याचे जतन केलेले शरीर आजही इंग्लंडमधील संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी १६ एप्रिलला, कंदाहारच्याच मोहिमेत, दुबराई ठाण्यावर हल्ला झाला. पूर्वसूचना मिळूनही एकोणिसाव्या मुंबई पायदळाचे मेजर वॉडबी, शिपाई इलाही बक्ष आणि शिपाई सोननाक ताननाक यांनी ठाणे सोडले नाही. तिघेही लढता लढता पडले. ‘नाक’ हा प्रत्यय महार सैनिकांच्या नावांची खूण होय. कोरेगावच्या विजयस्तंभावर तो आपण वाचतोच. मुंबईत वॉडबींच्या नावाचा रस्ता झाला. सोननाकच्या समाजाच्या वाट्याला मात्र, १८९२ च्या सुमारास, लष्करभरतीची बंदी आली. गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात उघडलेले दार युद्धानंतर पुन्हा मिटले. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

बॉबीच्या सन्मानाचा आम्हाला विषाद नाही. कुक्कुर जातकात राजवाड्यातील कुत्र्यांच्या अपराधासाठी राजा बाहेरच्या निरपराध कुत्र्यांना मारण्याची आज्ञा देतो. तेव्हा श्वानरूपी बोधिसत्त्व निर्भयपणे दरबारात जाऊन त्याला न्याय शिकवतात. करुणेला जातीची सीमा नसते, तशी योनीचीही नसते. महाडच्या तळ्यावर जनावरे पाणी पीत आणि माणसांना मज्जाव होता, यात दोष जनावरांचा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्राशन केले ते माणसाची प्रतिष्ठा प्रस्थापित करण्यासाठी.

जुन्नरकरांना याचा धडा दूर शोधावा लागत नाही. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढींचे, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचे, दान दिल्याचा लेख आहे. परदेशातून आलेल्या माणसाचे पाणी संघाने स्वीकारले आणि त्याचे नाव दगडावर राखले. सुमारे दोन हजार वर्षांनंतरही ते वाचता येते.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. जुन्नर-आंबेगावच्या ज्या घरांत कोणी पूर्वज पलटणीत होता, तेथे त्याचे नाव, पलटण आणि आठवण मुलांच्या हातून वहीत लिहून घ्यावी. पुढे सैनिक आणि कुत्र्याची गोष्ट मुले अवश्य वाचोत. मात्र पुस्तक मिटताना सोननाकलाही आठवोत.