खरं-खोटं कुठे राहतं

पुणे

चि. सायली हिस,


लॅपटॉपवर चालणारा रिपोर्ट सर्व्हरवर का फुटतो, हा तुझा प्रश्न आणि सोबतचा एरर, दोन्ही वाचले. तू हाताने लिहिलेल्या क्वेरीत ‘इज_ॲक्टिव्ह = १’ अशी अट आहे. लॅपटॉपवर एसक्यूलाइट आहे. त्याच्याकडे बूलियन असा वेगळा प्रकारच नाही, तिथे शून्य आणि एकच साठतात, म्हणून अट बिनबोभाट चालली. सर्व्हरवरच्या पोस्टग्रेसकडे मात्र खराखुरा बूलियन आहे आणि बूलियनची आकड्याशी तुलना करणारा ऑपरेटर नाही. एररमध्ये त्याने तेच सांगितलंय. ‘= १’ काढून टाक, नुसतं ‘इज_ॲक्टिव्ह’ ठेव. दोन्हीकडे चालेल.

आता तुझी तक्रार, की मॉडेलमध्ये बूलियनफील्ड लिहिल्यावर हे सगळं जँगोने सांभाळायला नको का? अगं, तो सांभाळतोच. तेच फील्ड तो पोस्टग्रेसवर बूलियन करतो, मायएसक्यूएलवर ‘बूल’ करतो, ओरॅकलवर एका आकड्याचा नंबर कॉलम करून त्यावर ‘शून्य किंवा एकच’ अशी चेक अट घालतो. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटवरून वाचताना शून्य-एकाचं फॉल्स-ट्रू करून तुझ्या हातात देतो. पण हे सारं त्याच्या हातून जाणाऱ्या क्वेऱ्यांपुरतं. रॉ एसक्यूएल लिहिलंस की मध्यस्थ बाजूला झाला. आणि टेबल वाचणारी तू एकटी नसतेस. रिपोर्टवाले वाचतात, रात्रीची एक्स्पोर्ट स्क्रिप्ट वाचते, पाच वर्षांनी दुसऱ्या भाषेत लिहिलेलं ॲप वाचेल. त्यांच्यापैकी कुणाला तुझं मॉडेल दिसत नाही. दिसतो तो कॉलम.

जुन्या मायएसक्यूएलवरून डेटा आणायचाय असं तू ओझरतं लिहिलंस. मला खरी काळजी तिथे वाटते. मायएसक्यूएलमध्ये ‘बूल’ हे टायनीइंट(१) चंच दुसरं नाव. कंसातला १ पाहून पुष्कळांना वाटतं की यात शून्य किंवा एकच मावतो. तसं नाही, −१२८ ते १२७ यांतलं काहीही मावतं. तो आकडा नुसती दाखवण्याची रुंदी. गंमत बघ, ८.०.१७ पासून मायएसक्यूएलने इंटिजरांची ही रुंदी कालबाह्य ठरवली, पण टायनीइंट(१) ला सूट ठेवली, कारण कनेक्टर मंडळी त्या एकावरूनच ‘हा बूलियन’ असं ओळखतात.

समजा, त्या जुन्या ॲपमध्ये कुणीतरी ‘स्थगित’ खात्यांसाठी २ टाकायला सुरुवात केली. डेटाबेस हरकत घेत नाही. ‘= ट्रू’ लिहिलंस तर ती खाती येत नाहीत, कारण तिथे ट्रू म्हणजे १. ‘= फॉल्स’ लिहिलंस तरी येत नाहीत. ‘इज ट्रू’ लिहिलंस तर येतात. आता हाच आकडा तू पोस्टग्रेसमध्ये बूलियनला कास्ट केलास, तर शून्य सोडून सगळं ट्रू होतं. म्हणजे स्थगित खाती एका रात्रीत चालू, आणि एरर एकही नाही. आज तुझ्यावर ओरडलेला पोस्टग्रेस त्यापेक्षा बरा.

फ्रेमवर्कही कधीकधी मत बदलतात. रेल्स पूर्वी एसक्यूलाइटमध्ये खऱ्या-खोट्यासाठी ‘टी’ आणि ‘एफ’ ही अक्षरं साठवायचं. ५.२ मध्ये शून्य-एकाचा पर्याय आला, ६.० पासून तोच नियम झाला. ज्यांनी जुन्या ओळी बदलून घेतल्या नाहीत त्यांच्या टेबलात अक्षरं राहिली आणि क्वेरी मात्र १ शोधू लागली. ओरॅकलची तऱ्हा आणखी वेगळी. एसक्यूएलच्या १९९९ च्या मानकात बूलियन आला, पण ओरॅकलच्या टेबलात बूलियन कॉलम यायला २०२३ साल उजाडलं. तोवर लोकांनी एका अक्षराच्या कॉलममध्ये ‘वाय’ आणि ‘एन’ भरून काम भागवलं, आणि हायबरनेटला त्यासाठी खास कन्व्हर्टर ठेवावा लागला.

राहिला नल. ‘नॉट इज_ॲक्टिव्ह’ असं विचारलंस की नल असलेली ओळ येत नाही, ‘इज_ॲक्टिव्ह’ विचारलंस तरी नाही. दोन्हींची बेरीज एकूण ओळींपेक्षा कमी भरते आणि मग अकाउंट्सवाले फोन करतात. जिथे उत्तर हो किंवा नाही एवढंच आहे तिथे नलला मज्जाव कर, डीफॉल्ट दे. जिथे ‘विचारलंच नाही’ यालाही अर्थ आहे, उदाहरणार्थ ग्राहकाची संमती, तिथे नल जरूर ठेव, जँगो २.१ पासून बूलियनफील्ड तो घेतं. फक्त आधी ठरवून ठेव.

तर या आठवड्यात दोन कामं कर. टेस्ट पोस्टग्रेसवरच चालव, एसक्यूलाइटवर नको. आणि जुन्या डेटाबेसमधल्या प्रत्येक बूल कॉलमवर ग्रुप बाय लावून कोणती मूल्यं किती वेळा येतात ते काढ. शून्य-एक सोडून काही सापडलं, तर मायग्रेशन लिहायच्या आधी जुन्या ॲपच्या माणसांना विचार. त्या आकड्याचा अर्थ तेच सांगू शकतील. निकाल मला पाठव.

तुझी,
आत्या