सल्ला देणाऱ्याची सही कुठेच नसते

सातारा,
शनिवार

चि. ओंकार यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, गिऱ्हाईक नव्हतं, मित्र होते असं फॉर्ममध्ये लिहिलं तर चालेल ना?" दादा शेजारीच बसलेला कळत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. आता सविस्तर लिहिते. फोनवरचं तू अर्धंच ऐकतोस, आणि राहिलेलं सोयीनं लक्षात ठेवतोस.

पसरणी घाटात गाडी कठड्याला लागली आणि त्या सोलापूरच्या बाईंच्या मनगटावर निभावलं, हे नशीब. गाडी पांढऱ्या पाटीची, पॉलिसी खाजगी वापराची, आणि तू भाडं घेऊन प्रवासी फिरवत होतास. सीझनमध्ये पाचगणीत असं करणारा तू एकटा नाहीस, ठाऊक आहे मला. 'मित्र' लिहायची गॅरेजवाल्याची सूचनाही नवी नाही. वकिली सुरू केल्यापासून इतक्या क्लेमच्या कागदांवर 'मित्र' आणि 'पाहुणे' बसलेले पाहिलेत, की घाटात भाड्याचा प्रवासी कधी जातच नसावा असं वाटावं!

त्या क्लेम फॉर्मचं शेवटचं पान काढ. 'वर दिलेली माहिती खरी आहे' अशी घोषणा असते आणि खाली सहीची जागा. ती सही तुझी. गॅरेजवाल्याला बिल निघण्याशी मतलब, विम्याच्या एजंटाला पुढच्या वर्षीच्या हप्त्याशी. दोघांचंही नाव त्या पानावर येत नाही. उद्या चौकशी लागली, तर दोघंही सांगतील की मालकानं सांगितलं ते आम्ही ऐकलं, आणि ते खोटं ठरवायला तुझ्याकडे काही नसेल.

शिवाय हे खोटं तुझ्या एकट्याच्या ताब्यात नाही. त्या बाईंनी सकाळीच तुला फोनपेवर पैसे पाठवले, त्याची नोंद राहणार. दवाखान्यात अपघाताची केस म्हणून जी नोंद झाली, त्यात गाडी ठरवून आलो होतो असं त्यांनी सहज सांगितलं असेल. त्या माउलीला तुझी पॉलिसी कसली हे कुठून कळणार? आणि हाताचं दुखणं लांबलं, तर त्या भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातील. राहत्या ठिकाणी, सोलापुरातही दावा लावायची सोय कायद्यात आहे. तिथं त्या शपथेवर सांगतील की भाडं दिलं होतं, आणि कंपनीचा वकील तुझा 'मित्र' लिहिलेला फॉर्म पुढं करील. त्यांना दिलेली रक्कम मग कंपनी तुझ्याकडून वसूल करायला निघू शकते.

आता कायदा. विम्याच्या फसवणुकीला आपल्या फौजदारी कायद्यात वेगळं कलम नाही, म्हणून पुष्कळांना ती किरकोळ लबाडी वाटते. प्रत्यक्षात ती थेट फसवणुकीच्या कलमात जाते. पूर्वीचं चारसोबीस १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंड, गुन्हा अजामीनपात्र. खोटं बिल किंवा दाखला तयार केला तर ३३६(३), तो खरा म्हणून वापरला तर ३४०(२). पैसे हातात पडलेच पाहिजेत असंही नाही, प्रयत्नाचीही शिक्षा आहे. ड्रायव्हर बदलून दाखवायची युक्ती कुणी सुचवली, तर तीही ऐकू नकोस. ज्या परवानाधारक मित्राचं नाव घालशील, तो घाटातल्या अपघाताचा आरोपी होऊन बसेल.

तुला उगाच घाबरवत नाही. बहुतेक वेळा कंपनी पोलिसांकडे जात नाही, क्लेम नाकारल्याचं पत्र पाठवते आणि गप्प बसते. पण पॉलिसीच्या अटींत बहुधा असंही असतं की क्लेममध्ये लबाडी आढळली तर सगळाच हक्क गेला. म्हणजे बोनेट खरंच चेपलेलं, कठडा खरा, बिल खरं, आणि एका शब्दापायी हाती शून्य.

राजूरचं प्रकरण आठवतंय? नगर जिल्ह्यातलं, अकोले तालुक्यातलं, २०२१ चं. अमेरिकेत वीसेक वर्षं राहिलेला माणूस गावी आला आणि एप्रिलमध्ये साप चावून मेल्याचं कागदोपत्री झालं. विमा पन्नास लाख डॉलरचा, म्हणजे सदतीस कोटींच्या वर. अमेरिकेतल्या कंपनीला शंका आली, कारण याआधी बायकोच्या मृत्यूचा खोटा दावा करून झाला होता. कंपनीनं इथं चौकशी लावली, फोनच्या नोंदी निघाल्या आणि 'मयत' वडोदऱ्याला जिवंत सापडला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार एका निराधार माणसाला नाग चावायला लावून मारलं होतं. तुझ्या 'मित्रां'ची आणि याची बरोबरी मी करत नाही, तेवढी वेडी नाही. सांगायचंय ते वेगळंच. अटक पाच जणांना झाली. विमा एकाचा आणि खुनाचा गुन्हा पाचांवर.

दादानं खिंगरच्या स्ट्रॉबेरीचं विचारलं होतं, त्याला हेही वाचून दाखव. फळपिकाचा विमा हवामानावर चालतो. नुकसान बघायला सहसा कुणी रानात येत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर पैसे ठरतात. त्यामुळे लबाडी शिरते ती क्षेत्रात: वीस गुंठ्यांचे चाळीस, किंवा रोपच नसलेलं रान. बाकीच्या पिकांना एक रुपयात पीक विमा २०२३ च्या खरिपात आला, तेव्हा अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला अर्जामागं चाळीस रुपये मिळत. दुसऱ्याच्या, सरकारी, देवस्थानाच्या जमिनींवर अर्ज पडले. २०२५ च्या सुरुवातीला कृषिमंत्र्यांनीच सुमारे चार लाख अर्ज बोगस निघाल्याचं सांगितलं, आणि त्याच वर्षी ती योजना गुंडाळली. खरिपाला पुन्हा दोन टक्के हप्ता आला, तो प्रामाणिक शेतकऱ्यालाही. केंद्रावरचा पोरगा "काका, वाढवून टाकतो" म्हणाला, तर दादानं एवढंच बघावं की अर्जावर आधार कुणाचं आहे.

तू काय करायचंस ते सांगते. 'प्रवासी भाड्याने नेत होतो' असं स्पष्ट लिही. क्लेम लगेच बुडाला असं समजू नकोस. अमलेंदू साहू यांच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता: खाजगी पॉलिसीची गाडी भाड्याने दिलेली. अटीचा असा भंग झाला तरी क्लेम पूर्ण न नाकारता देय रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत तडजोडीनं देता येतो, हे तत्त्व न्यायालयानं तिथं लावलं. तुला तेवढेच मिळतील अशी हमी मी देत नाही. पण मागायला जागा आहे, आणि ती खरं लिहिणाऱ्यालाच आहे. कंपनीनं नाकारलं तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाऊ. तिथं फी नाही, वकील लागत नाही, म्हणजे आत्याचाही खर्च वाचला. नाहीतर साताऱ्याचा ग्राहक आयोग आहेच. आरटीओचा दंड बसला तर तो निमूट भर. आणि यापुढं भाडंच मारायचं असेल तर पिवळी पाटी आणि परमिट घे. हप्ता जास्त पडेल, पडू दे.

त्या सोलापूरच्या बाईंना फोन करून हाताची चौकशी कर. क्लेमबद्दल मात्र त्यांच्याशी चकार शब्द काढू नकोस.

सोमवारी मी कोर्टात आहे. दुपारी दोननंतर ये. आरसी, लायसन्स, घाटात काढलेले फोटो आणि पॉलिसीची सगळी पानं आण, एजंटानं दिलेलं एक पान नको. फॉर्म कोरा आण, इथं बसून भरू.

तुझी,
आत्या