घोडा घसरला तर जागा लिहून ठेवा

माथेरानात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोडे आहेत. पर्यटकांना पॉइंट दाखवायचे आणि त्यावर घर चालवायचं. अलीकडे मात्र खोगिराइतकाच वेळ अर्ज आणि बैठकांत जातो. महाबळेश्वर-पाचगणीचे ओळखीचे घोडेवाले विचारतात, ‘तुमच्याकडे वाटेचं काय झालं?’ त्यांच्यासाठी हे चार शब्द.

केंद्र सरकारच्या ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झालं. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढची वाट तांबड्या मातीची. पावसाळ्यात ती माती वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात, हे खोटं नाही. त्यावर उपाय म्हणून पेव्हर ब्लॉक आले. मातीत घोड्याची नाल रुतते आणि त्याला पकड मिळते. ओल्या ब्लॉकवर लोखंड सटकतं. उतारावर तर घोड्याचा आणि स्वाराचा भार पुढच्या पायांवर येतो. तिथे पाय सुटला की जनावर गुडघ्यावर जातं आणि स्वार त्याच्या मानेवरून खाली.

हे आम्हाला पाठ होतं. एका बैठकीत आमची माणसं तावातावाने बोलली. समोरच्या अभियंत्याने शांतपणे विचारलं, ‘किती घोडे पडले? कुठे? नोंद आहे?’ सगळे एकमेकांकडे बघत राहिले. प्रत्येकाला एखादा अपघात आठवत होता, पण तारीख कुणालाच सांगता येईना. आमचं म्हणणं इतिवृत्तात एका ओळीत उरलं: ‘अश्वपालांनी नाराजी व्यक्त केली.’

तेव्हा पहिलं काम नोंदीचं. घोडा घसरला की त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, जवळची खूण, चढ की उतार, वाट कोरडी की ओली, नाल नवी की झिजलेली. झिजलेली असेल तर तसंच लिहा. आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट लपवली आणि ती समोरच्याने शोधली, तर सगळी वही बाद होते. जागेचा फोटो घ्या. जनावराला लागलं असेल तर पशुवैद्यकाचा कागद जोडा.

दुसरं, भांडण नेमकं कशाशी आहे ते आधी ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना रिक्षाच शत्रू वाटली. पोटाचा प्रश्न होता, राग समजण्यासारखा होता. पण माणसाने माणसाला ओढत न्यायचं, ते काम ज्यांच्या छातीवर बसलं होतं त्यांना ई-रिक्षा हवी होती. शाळकरी पोरांच्या आयांना आणि गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांनाही ती हवी होती. त्या सगळ्यांना अंगावर घेऊन घोड्याची बाजू मांडता येत नाही. पुढे ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. त्याच निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉकना मुभा मिळाली, आतल्या रस्त्यांवर मात्र मनाई झाली. म्हणजे वाट कशाची असावी, या प्रश्नाला कान होता. आपली ताकद तिथे लावायची.

तिसरं, नुसतं ‘नको’ म्हणू नका. धूप कशी थांबवणार, हा प्रश्न येणारच. पाणी वळवायला वाटेवर आडवे जांभ्याचे दगड, कडेला गटार, कठीण पृष्ठभाग टळतच नसेल तर बाजूने घोड्यासाठी मातीची पट्टी, असं काहीतरी कागदावर रेखाटून न्या. पावसाळ्यात अधिकाऱ्याला त्या वाटेवर चालवत न्या. कार्यालयात तासभर बोलून जे कळत नाही, ते ओल्या उतारावर लगेच कळतं.

चौथं आपल्या तबेल्याचं, आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत: दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन विश्रांती. हे आपणहून पाळा. खोगिराखाली सोललेल्या पाठीचा एक फोटो मोबाईलवर फिरला की संघटनेचे सगळे अर्ज पाण्यात. दरपत्रक दिसेल असं लावा. पर्यटकांची दिशाभूल होते म्हणून मार्च २०२५ मध्ये माथेरानने बंद पाळला, तेव्हा बोटं घोडेवाल्यांकडेही वळली होती. चार जणांच्या हावेची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. त्या चौघांना संघटनेनेच आधी अडवलं पाहिजे.

शेवटचं, वाटेचा मालक शोधा. एकाच घोडावाटेचा एक तुकडा वनखात्याचा, पुढचा नगरपरिषदेचा, असं असू शकतं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज वर्षभर पडून राहतो. माहिती अधिकारात नकाशा मागवा, तुकड्यागणिक वेगळं पत्र द्या, पोच घ्या. निविदा निघाल्यावर धावण्यात अर्थ नसतो. अंदाजपत्रक तयार होत असतानाच आपला कागद तिथे पोहोचला पाहिजे. त्यासाठी संघटनेत घोषणा देणाऱ्यापेक्षा दर महिन्याला कार्यालयात जाऊन फाईल विचारणारा एक चिकट माणूस नेमा, आणि त्याचा त्या दिवसाचा बुडालेला धंदा सगळ्यांनी मिळून भरून द्या.