झेब्र्याची सोबत

मुलांनो, पालघर, बोईसर, तारापूर या बाजूच्या गावांत भातशेती करणाऱ्यांच्या घरी एक गोष्ट पाहावयास मिळते. जोडीतला एक बैल विकला गेला, की मागे राहिलेला दुसरा हंबरत राहतो. पुढ्यात पेंढा असूनही त्याचे मन चाऱ्यात रमत नाही. जनावराला केवळ पोटच असते असे नाही. त्याला सोबतही हवी असते. प्राणिसंग्रहालयातील झेब्राही हेच सांगतो.

झेब्रा हा घोड्याच्या कुळातील आफ्रिकेचा प्राणी. १६२१ साली जहांगीर बादशहाच्या दरबारी एक झेब्रा आला. त्याच्या अंगावरील पट्टे कोणी रंगविले असावेत, असा संशय येऊन ते नीट तपासण्यात आले! उस्ताद मन्सूर या चित्रकाराने त्याचे सुंदर चित्र काढले. पट्ट्यांचे कौतुक झाले. पण कळपापासून दूर आलेल्या त्या जिवाला काय वाटत असेल, हा विचार कोणाच्या मनात आला असेल का?

मैदानी झेब्र्यांच्या कुटुंबात एक नर, काही माद्या व त्यांची पिल्ले असतात. प्राणिसंग्रहालयातही त्यांची ही ओढ सुटत नाही. दोन झेब्रे विरुद्ध दिशांना तोंडे करून शेजारी उभे राहतात. एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावरील माशा हाकलते. ते एकमेकांची मान दातांनी हळुवार खाजवितात. पिल्लू जन्मले, की आई प्रथम इतरांना जवळ येऊ देत नाही. तेवढ्यात पिल्लू तिचा वास, आवाज व पट्टे ओळखू लागते.

रानात झेब्र्याच्या दिवसाचा बहुतेक वेळ चरण्यात जातो. संग्रहालयात चारा आयता मिळतो व लवकर संपतो. मग रिकामा, एकाकी झेब्रा कुंपणाच्या कडेने येरझारा घालू लागतो. म्हणून जाणते रक्षक चारा थोडा थोडा करून अनेक ठिकाणी ठेवतात, लोळण्यासाठी मोकळी माती राखतात आणि मुख्य म्हणजे त्याला जातभाईंची सोबत देतात.

मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात किंवा अन्य प्राणिसंग्रहालयात जाल, तेव्हा प्राणी कसा दिसतो एवढेच पाहू नका. तो काय करीत आहे, कोणाजवळ उभा आहे, हे घटकाभर न्याहाळा. त्याला डिवचू नका, खाऊ टाकू नका. आपण त्याला कोंडले आहे. तेव्हा त्याच्या सुखाची जबाबदारीही आपलीच होय.

स्वाध्याय

१. एकाकी झेब्रा येरझारा का घालतो?
२. झेब्रे एकमेकांना कोणती मदत करतात?
३. तुमच्या परिसरातील एका जनावराचे दिवसभराचे वर्तन पाहून दहा ओळी लिहा.