अत्याचारानंतर मदत कशी मिळवाल? एकेक पायरी, क्रमाने

घडलं त्यात तुमचा काहीही दोष नाही. हे पक्कं धरा आणि चला, एका वेळी एकच काम करू. क्रम मोडू नका, कारण काही कामं पहिल्या ७२ तासांतच करावी लागतात. घटना जुनी असेल तर ३ नंतर थेट ९ वर या.

जवळ ठेवा: चार्ज केलेला फोन, बदलायचे कपडे, कागदी पिशव्या. ओळखपत्र नसलं तरी अडून राहू नका.

१. सुरक्षित जागी जा. शेजारचं घर, गजबजलेलं दुकान, काहीही चालेल. धोका टळला नसेल तर ११२ लावा.

२. विश्वासाच्या एका माणसाला बोलवा. "माझ्यासोबत वाईट घडलंय, लगेच ये," एवढं पुरे. "तू तिथे गेलीसच कशाला?" असं विचारणारं माणूस आत्ता नको.

३. कोणी नसेल तर १८१ लावा. महिलांसाठीची ही हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालू असते. लहान मुलांसाठी १०९८.

४. अंघोळ थोडी थांबवा. अंग घासून काढावंसं वाटेल, तरी तपासणीपर्यंत धीर धरा. झालीच असेल तरी हॉस्पिटल टाळू नका. पुरावा नंतरही मिळू शकतो.

५. त्या वेळचे कपडे कागदात ठेवा. प्रत्येक कपड्याला वेगळी पिशवी. ओला असेल तर आधी सावलीत वाळवा. प्लास्टिक नकोच, ओल कोंडून बुरशी धरते आणि पुरावा खराब होतो.

६. हॉस्पिटल गाठा. सरकारी असो वा खासगी, बलात्कारपीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. "आधी पोलिसांत जा" म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ सांगा.

७. गोळ्या मागून घ्या. एक गर्भ राहू नये म्हणून, दुसऱ्या एचआयव्हीपासून बचावासाठी. दोन्ही ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं. एचआयव्हीच्या गोळ्या २८ दिवस चालतात. मध्येच सोडू नका.

८. संमतीचा कागद वाचूनच सही करा. तपासणीचा कुठलाही भाग नाकारता येतो, त्यामुळे उपचार थांबत नाहीत. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली आहे. कोणी करू लागलं तर स्पष्ट "नाही" म्हणा.

९. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जा. समुपदेशन, वकील, पोलिसांची मदत आणि काही दिवस राहायची सोय एकाच ठिकाणी मिळते. जवळच्या केंद्राचा पत्ता १८१ वर विचारा. सोबत कुणाला तरी न्या.

१०. तक्रारीचं तुम्हीच ठरवा. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, पण जबाब द्यायचा की नाही हा निर्णय तुमचा. घाईने "नको" लिहून देऊ नका. पीडित १८ वर्षांखालील असेल तर मात्र पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे.

११. एफआयआर नोंदवा. कोणत्याही पोलीस ठाण्यात चालते. "आमची हद्द नाही" म्हणाले तर "झिरो एफआयआर घ्या" म्हणा. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. वाचल्याशिवाय सही नको आणि मोफत प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

१२. मनोधैर्य योजनेचा अर्ज करा. महाराष्ट्रात हे अर्थसाहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळतं. मोफत वकीलही तिथेच मागा, फोन १५१००. एफआयआरची प्रत सोबत ठेवा, मूळ कागद हातचे सोडू नका.

१३. मनासाठी १४४१६ लावा. टेली-मानसवर मराठीत, मोफत बोलता येतं. झोप उडणं, दचकणं महिन्यांनंतरही सुरू होऊ शकतं. "आता काय उपयोग" म्हणून फोन टाळू नका.

आज सगळ्या पायऱ्या झाल्या नाहीत तरी चालेल. उरलेल्या उद्या घ्या, फक्त ७२ तासांतली कामं लांबवू नका. तुमचं नाव छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे, आणि बलात्काराची तक्रार करायला कायद्यात मुदत नाही. म्हणून उशीर झाला असं समजून थांबू नका. आत्ता फक्त पहिली पायरी घ्या.